चालणारी नियमावली

६ जानेवारी २०२५

आजपासून वही सुरू केली. कारण एवढंच, की मी एका कामाला हो म्हणून बसले आहे आणि ते मला झेपेल की नाही हे मलाच ठाऊक नाही. कुणाजवळ बोलायची सोय नाही. नवऱ्याला, भूपेशला, सांगितलं तर तो म्हणतो, "कर की." त्याला सगळ्यालाच "कर की" म्हणायची सवय आहे.

काम असं: 'पालवी' ही आमची संगणकावर चालणारी प्रणाली, फुकट, सगळ्यांनी मिळून बनवलेली. शाळा, ग्रंथालयं, लहान दवाखाने वापरतात. तिच्यात जो काही प्रोग्राम घालायचा तो आधी पॅकेज करून द्यावा लागतो. पॅकेज म्हणजे प्रोग्राम, त्याच्या फायली आणि तो कसा बसवायचा, कसा काढायचा याच्या सूचना, असं एक गाठोडं. ते कसं बांधायचं हे सांगणारी नियमावली आहे. ती आजवर मनिषाताई सांभाळायच्या. त्यांना बंगळूरला नोकरी लागली, वेळ मिळेना, आणि राकेशने गटावर विचारलं, "कोण घेतंय?" कुणीच बोललं नाही. मी आधी चार गोष्टींचं मराठी भाषांतर केलेलं, म्हणून लिहिलं, "दुसरं कुणी मिळेपर्यंत बघते."

राकेश आवृत्ती-प्रमुख, म्हणजे पालवीची नवी आवृत्ती कधी बाहेर काढायची ते ठरवणारा. ठाण्याला असतो, पालवीत पहिल्यापासून आहे. त्याने लगेच अंगठा टाकला. तेवढ्या घाईने टाकला म्हणूनच मला भीती वाटली.

सकाळी गोदामात डिस्पॅचची ड्युटी, दुपारी घरी, संध्याकाळी स्वयंपाक. हे काम त्यात कुठे बसायचं? आणि मी प्रोग्रामर नाही. शुद्धलेखन तपासू शकते. तेवढंच करायचं ठरवलं आहे.

१० जानेवारी

नियमावली वाचायला घेतली. सुरुवातीलाच "पॅकेज पुढील पत्त्यावर पाठवावे" असं आहे. तो पत्ता कधीचा बंद आहे.

म्हटलं, नुसतं वाचण्यापेक्षा यात लिहिल्याप्रमाणे एक पॅकेज बांधून बघू. छोटंसं, पंचांग दाखवणारं. तिसऱ्याच पायरीला अडकले. जी आज्ञा द्यायला सांगितली आहे ती आज्ञाच आता अस्तित्वात नाही. मला वाटलं माझंच काही चुकतंय. दुपार त्यात गेली.

शेवटी गटावर विचारलं. राकेश म्हणाला, "अगं, ती जुनी पद्धत. आता सगळे वेगळं करतात."

"मग नियमावलीत तसं का नाही?"

"नियमावली कोण वाचतं? एकमेकांना विचारून शिकतात लोक."

त्यावर किशनने लिहिलं, "आणि ज्याच्या ओळखीचं कोणी नाही त्याने काय करायचं, भाई?"

किशन नारपोलीचा. पॅकेजं तपासून जुळवणारं आमचं यंत्र तो सांभाळतो. काकाचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे, त्याच्याच माळ्यावर बसतो. फोनवर बोलला की मागे सतत खडखडाट, त्यामुळे तो ओरडून बोलतो आणि सगळ्यांना वाटतं तो चिडला आहे. आज मात्र खरंच चिडला असावा.

१९ जानेवारी, रविवार

पहिली दोन प्रकरणं दुरुस्त झाली. प्रत्येक पायरी स्वतः करून बघते, चालली तरच ठेवते. फार हळू जातं. पण माझं पंचांग आज बसलं आणि उघडलं! भूपेशला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "हे तर भिंतीवर आहेच की." पण बराच वेळ उभा राहून बघत होता.

सासूबाई नाराज आहेत असं वाटतं. मी मटार सोलायला घेतले तर टोपली ओढून घेतली. "तुजा हात लय हळू चालतंय. जा तू, बस तुज्या डब्यासमोर." काल पण कपडे वाळत घालायला गेले तर आधीच घातलेले. काही बोलत नाहीत, पण माझं घरात लक्ष नाही हे त्यांना डाचत असणार. उद्यापासून जास्त करायला हवं.

२८ जानेवारी

आजचा दिवस वाईट.

दुपारी गटावर एका मुलीचा संदेश आला. जागृती. पडघ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला वारल्यांचा पाडा आहे, तिथली. बी.एस्सी. झाली आहे आणि पाड्यावरच्या शाळेत शिकवते. तिने 'बोलचित्र' नावाचा प्रोग्राम केला आहे. चित्रावर टिचकी मारली की पाड्यातलं कुणीतरी मोठं माणूस आपल्या बोलीत त्याचं नाव सांगतं आणि त्याबद्दल चार वाक्यं बोलतं. झाडं, पाखरं, मासे, अवजारं. पोरांनी आणि तिने मिळून शाळेच्या संगणकावरच आवाज भरले होते.

तिने नवी आवृत्ती केली, शाळेत बसवली, आणि सगळे आवाज गेले.

तिने लिहिलं होतं, "माझं काय चुकलं सांगा. सावळ्याआजाला दिवाळीत लकवा मारला. आता त्याला बोलता येत नाही. त्याचा आवाज फक्त त्यातच होता."

उत्तरं काय आली! "आधी चाचणी करायची ना." "माहितीची जागा कुणी पुसतं का?" "प्रत बाजूला का नाही ठेवली?" सगळी हुशार माणसं. तिने प्रत्येकाला "हो सर, चुकलं" असं लिहिलं.

मी तिचं पॅकेज उघडलं. मला खरं तर काय कळणार, असं म्हणतच उघडलं. पण शेजारी नियमावली ठेवली आणि एकेक ओळ लावत गेले. तिने नियमावलीबाहेर एक अक्षर लिहिलेलं नाही. सातव्या प्रकरणात चक्क म्हटलं आहे: "नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी माहितीचे फोल्डर रिकामे करावे." मी अजून चौथ्यातच आहे.

किशनला फोन केला. तो म्हणाला, "हां, पहले ठीक था. तेव्हा त्या फोल्डरमध्ये फक्त प्रोग्रामचा माल असायचा. नंतर सिस्टम बदलली, लोकांच्या फायली पण तिथेच जायला लागल्या. सगळ्यांना माहीत आहे हे."

"जागृतीला कसं माहीत असणार?"

त्यावर तो म्हणाला, "ताई, तिला सांग मशीन बंद ठेव. बिलकुल चालू नको करू. पुसलेलं लगेच जात नाही. वरून काही लिहिलं गेलं तरच जातं."

तिला फोन केला. तिने घाबरून तेव्हाच वायर काढून टाकली होती.

२९ जानेवारी

सकाळी ड्युटीवर जायच्या आधी गटावर लिहिलं. चारदा खोडून लिहिलं. शेवटी एवढंच: "चूक जागृतीची नाही. तिने आपण सांगितलं तसंच केलं. चूक नियमावलीची आहे, आणि नियमावली आपल्या सगळ्यांची आहे." सातव्या प्रकरणातली ओळ खाली चिकटवली.

मग फोन पर्समध्ये टाकला आणि दुपारपर्यंत बघितलाच नाही. लक्ष तिकडेच. दोन ट्रकची कागदपत्रं अदलाबदल झाली, सुपरवायझर ओरडला.

दुपारी राकेशचा फोन.

"मेघाली, असं जाहीर लिहायची काय गरज होती? मार्चमध्ये आवृत्ती आहे. बाहेरचे लोक वाचतात."

"तिला पण जाहीरच बोलले होते सगळे."

"ती नवीन आहे. शिकेल."

"कशावरून शिकेल? आपण लिहिलेल्यावरूनच ना?"

तो म्हणाला, "ती ओळ काढून टाक, विषय संपव." आणि फोन ठेवला.

ओळ काढली. पण विषय संपला असं मला वाटत नाही. अशा आणखी किती ओळी असतील? राकेशला दुखावलं याचं वाईट वाटतं. मी कोण त्याला सांगणारी.

२ फेब्रुवारी, रविवार

पाड्यावर जाऊन आलो. अंग दुखतंय, तरी आज लिहायचंच.

सकाळी भूपेशने मित्राची गाडी आणली. मी मागितली नव्हती. राजनोली नाक्यावर किशनला घेतलं, पडघ्याला चहा घेतला आणि आत वळलो. गोदामं संपली की रस्ता एकदम शांत होतो. किशन म्हणाला, "इतनी शांती में तो मुझे कुछ सुनाई नहीं देता."

जागृती शाळेच्या दारात उभी होती. लहानखुरी, केस घट्ट बांधलेले. माझ्याशी नीट बोलली, पण किशनकडे बघताना असं, की हा आता काय सांगतो. किशनने डिस्क काढली, आपल्या मशीनला जोडली, आणि पुसलेल्यातून शोधणारा प्रोग्राम लावला. मग बसून राहायचं. पाड्यातली माणसं एकेक करून येऊन बसली. सावळ्याआजाला त्याच्या नातवाने पाठुंगळीवर आणलं. उजवी बाजू लुळी, पण डोळे अगदी तेज. शेजारी देवकीआजी. ती धवलेरी आहे, म्हणजे वारल्यांची लग्नं गाऊन लावणारी. ती मला म्हणाली, "मशीन आमचा आवाज खाऊन बसलंय, ते वकवायला आलांव तुमी?"

मी म्हटलं, हो, ओकवायलाच.

फायली यायला लागल्या. जागृतीने तोंडावर हात ठेवला. पण त्यांची नावं गेली होती. नुसते आकडे. कुठला आवाज कुणाचा, कुठल्या चित्राचा, काहीच कळेना. किशन म्हणाला, "ये तो एक एक सुनना पडेगा."

तर ऐकत बसलो. स्पीकर खिडकीत ठेवला. एकेक आवाज लागे आणि सगळा पाडा ओरडे, "ही देवकी!" "हा दामू, त्याला खोकला झालेला तवाचा!" जागृती भराभर नावं घालत होती. पोरं चित्र शोधून देत होती. एक आवाज लागला, जाडसर, सावकाश. कुणीच काही बोललं नाही. धनेश पाखराबद्दल होतं. मादी ढोलीत बसली की नर कसा तिला बाहेरून भरवतो, आणि ढोलीवरून माणसाने कसं गुपचूप जायचं.

सावळ्याआजाने डावा हात उचलला आणि छातीवर थोपटला. मी. मी.

मग तो हसला. अर्धंच तोंड हसत होतं. देवकीआजी त्याला म्हणाली, "आता बोल की, भांड माझ्याशी," आणि पदराने डोळे पुसले.

सगळं आलं नाही. माशांचे बरेच गेले. पण आजाचे जवळजवळ सगळे आले.

निघताना जागृती म्हणाली, "ताई, मला वाटलं पॅकेज काढून घ्यावं. परत नाही करायचं."

"आणि आता?"

"आता तुमची नियमावली मीच वाचते. बसून. पहिल्यापासून."

"तुमची" म्हणाली. मला हसू आलं. मी तर दुसरं कुणी मिळेपर्यंत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

काल भाजी फोडणीला टाकता टाकता सुचलं. मी प्रत्येक पायरी स्वतः करून बघते, म्हणून माझी प्रकरणं चुकत नाहीत. पण मी कायम कुठे असणार? किशनचं यंत्र रोज सगळी पॅकेजं जुळवून बघतं. मग नियमावलीतली उदाहरणं का नाही बघत? प्रत्येक नियमाखाली एक चालणारं उदाहरण ठेवायचं. यंत्राने ते रोज करून बघायचं. सिस्टम बदलली आणि उदाहरण मोडलं, की त्याच दिवशी लाल दिवा. आणि नियमावली लाल असेल तर आवृत्ती बाहेर पडायची नाही.

किशनला सांगितलं. तो एवढ्या जोरात ओरडला की लूमच्या कारागिरांनी वर येऊन विचारलं काय झालं.

राकेशला सांगितलं. तो म्हणाला, "कागदपत्रासाठी आवृत्ती थांबवायची? मेघाली, हे कधी कुणी ऐकलंय का?" मग जरा मऊ होऊन, "बैठकीत मांड. पण मतं मिळणार नाहीत."

मला मांडता येत नाही. शाळेत वक्तृत्वाला उभी राहिले होते तेव्हा पाणी मागून खाली बसले होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज बैठक झाली. क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आधी संकट असं, की शेजारी तुळशीरामभाऊंच्या मुलाची हळद. दुपारपासून डीजे. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. बैठक संध्याकाळची, ऑनलाइन. मी दारं लावली, फटीत चादर कोंबली, काही उपयोग नाही. किशन म्हणाला, "ताई, आज तुझा आवाज माझ्यापेक्षा खराब."

रडकुंडीला आले होते. सासूबाई नवी साडी नेसून हळदीला निघाल्या होत्या. दारात थांबून विचारलं, "किती येळ चालंल तुजी सभा?"

म्हटलं, "तासभर."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, त्यांना जेवणाची काळजी.

नशीब बघा. माझी पाळी यायला आणि डीजे बंद पडायला एकच गाठ पडली. जनरेटर बिघडला असेल. अगदी सामसूम. मी बोलले. लिहून घेतलं होतं ते वाचलं, मग कागद बाजूला ठेवून पाड्यावरचं सांगितलं. आकडे झालेल्या फायली आणि नावं ओरडणारी माणसं.

राकेश म्हणाला, "जागृतीच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण ते एक प्रकरण. बाकी नियमावली बरी आहे."

किशन म्हणाला, "बघूया का?" त्याने पडद्यावर यंत्र लावलं. नियमावलीतलं एकेक उदाहरण आमच्यासमोर चालवलं. माझी चार प्रकरणं हिरवी. मग पाचवं, लाल. सहावं, लाल. सातवं, लाल. आठवं राकेशने स्वतः लिहिलेलं, पालवी सुरू झाली तेव्हाचं. ते पण लाल.

तो पडद्यावरची ओळ पुन्हा वाचत होता. मला इतकं अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाला, "मी लिहिलं तेव्हा चालत होतं."

"हो सर," जागृती म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "चालतच होतं. म्हणून तर रोज बघायला पाहिजे. आमच्याकडे ओढ्यावरची वाट दर वर्षी बघावी लागते, गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असंल असं नाही."

राकेश हसला. खराखुरा हसला. "माझं मत हो," म्हणाला. त्याचं पाहून बाकीच्यांनी हात वर केले. विरोधात कुणीच नाही!

मी कॅमेरा बंद करून खोलीत उड्या मारल्या. भूपेश दाराबाहेरच उभा होता, तो आत येऊन काय झालं विचारायच्या आधीच हसत होता. आणि तेवढ्यात डीजे पुन्हा सुरू. सासूबाई परत आल्या, त्यांना विचारलं, "मध्येच का बंद पडला हो?"

"मला काय ठावं," म्हणाल्या. "संपली तुजी सभा? चल मंग, नवरीला हळद लावायची हाय अजून."

नवरी नव्हे, नवरा. पण त्या एवढ्या खुशीत होत्या की मी दुरुस्त केलं नाही. मनसोक्त नाचले आज.

७ मार्च

लिहायला वेळ नाही. काम जोरात. जागृतीने सातवं प्रकरण घेतलं आणि जुनं सगळं खोडून पहिली ओळ लिहिली: "वापरणाऱ्याने स्वतः तयार केलेली कुठलीही गोष्ट पॅकेजने पुसू नये." खाली उदाहरण. यंत्र आधी एक आवाज भरतं, मग नवी आवृत्ती बसवतं, मग आवाज आहे का बघतं. हिरवं.

राकेशने आठवं स्वतःच पुन्हा लिहायला घेतलं आहे. रोज फोन करतो. "हे वाक्य नव्या माणसाला कळेल का?" काल त्याने 'तत्सम' हा शब्द तीन जागी काढला. आज त्याच्या प्रकरणाला हिरवा दिवा मिळाला तर त्याने गटावर पेढ्याचं चित्र टाकलं. आवृत्ती-प्रमुख!

हल्ली सगळे मलाच विचारतात, हे असं चालेल का, ते तसं चालेल का. मी सांगते, पण जबाबदार माणूस लवकर शोधा असं पण सांगते.

१६ मार्च, रविवार

आवृत्ती बाहेर पडली. परवा शिमग्याच्या दिवशीच पडायची, पण ऐन वेळी नवव्यातलं एक उदाहरण लाल झालं. राकेशनेच थांबवली. मला फोन करून म्हणाला, "तुझाच नियम," आणि दोघं हसलो. आज ते हिरवं झालं.

आणि लिहायचं ते हे: दुपारी गडचिरोलीकडच्या कुणाचं पॅकेज आलं. गटावर कुणाची ओळख नाही, कुणाला काही विचारलेलं नाही. नुसती नियमावली वाचून बांधलेलं. यंत्राने पहिल्याच फेरीत पास केलं. किशनने फोन लावला आणि लूमच्या वरताण ओरडला, "पहली बार में, ताई! पहली बार में!"

मी गॅस बंद करायला विसरले. आमटी करपली. सासूबाईंनी कांदा-चटणी वाढली आणि भूपेशला म्हणाल्या, "खा गपचूप. आज तिला काय बोलायचं न्हाय."

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली, श्रीखंड झालं. मग जरा मोकळी झाले तर दुसऱ्या प्रकरणात एक छोटा बदल करून पाठवला. दोन ओळींचा. एवढ्याशासाठी कशाला, म्हणून उदाहरण पुन्हा चालवून बघितलं नाही.

थोड्या वेळाने परत आला. हल्ली आमचे बदल जागृती तपासते; तिने नापास केला होता. खाली लिहिलं होतं, "ताई, उदाहरण चालत नाही. दुरुस्त करून परत पाठवा. सणाच्या शुभेच्छा."

'हो सर' नाही, 'चुकलं' नाही, काही नाही. सरळ नापास. मी इतकी मोठ्याने हसले की गुढीवरचा कावळा उडाला. सासूबाई बाहेर आल्या.

"काय झालं गो?"

"मला नापास केलं."

"कोणी?"

"पाड्यावरच्या त्या जागृतीने. मी लिहिलं ते चुकलं होतं."

त्यांनी जरा विचार केला. "मंग बरं केलं," म्हणाल्या. "चांगली हाय पोर. बोलव तिला जेवायला."

दुरुस्त केलं, चालवून बघितलं, पाठवलं. हिरवं झालं. संध्याकाळी राकेशचा फोन आला. मी नेहमीसारखं विचारलं, नियमावलीला कायमचं माणूस कधी मिळणार? तो म्हणाला, "मिळून तीन महिने झाले की," आणि जागृतीबद्दल बोलतोय असं समजून मी म्हटलं, छान, तीच योग्य आहे.

तो फोनवर किती तरी वेळ हसत होता.